मयताच्या चौकटीतला लेखक

४ मार्च
कादंबरी छापून आली. घानातल्या आमच्या कुमासी शहरात अशी डिटेक्टिव्ह कादंबरी झालेली नाही. लेखक मी. सीरियल किलर, सात बायकांचे खून, इन्स्पेक्टर दार्को आणि त्याचे दोन डिटेक्टिव्ह. प्रत्येक मुडदा वेगळ्या ढंगाने मांडलाय. उद्यापासून सकाळी चालायला जाणार. प्रसिद्ध माणसाला हे पोट शोभत नाही.

९ मार्च
एकही प्रत खपली नाही. वाचकांची कुवत कमी. बायको, सेरवा, म्हणे खुनी कोण ते तोंडीच सांगा, म्हणजे वाचायची कटकट नको. दुर्लक्ष केलं. चालायला गेलो नाही. पाय दुखतील असं वाटलं.

१२ मार्च
सुचलं! इथे लोक थांबून बघतात ते मयताचं पोस्टर. काळी-लाल चौकट, मधे मोठा फोटो. तसंच छापायचं. फोटो माझा, तळाशी बारीक अक्षरात कादंबरीचं नाव. छापखानेवाला अग्येकुम म्हणे, मास्तर, जित्या माणसाचं आजवर छापलं नाही, हात धजत नाही. सेरवा म्हणे, लोक अक्षरं वाचत नाहीत, तोंड बघतात. आणि रागावून बहिणीकडे गेली. दोघांनाही मार्केटिंग कळत नाही.

१५ मार्च
चौकाचौकात मी! एक बाई तर पोस्टरपुढे रडली. याला म्हणतात लेखणीची पकड. शेजाऱ्यांनी अंगणात खुर्च्या आणून टाकल्यात, प्रकाशन समारंभ दिसतोय. फोन सारखा वाजतोय. उचलत नाही, मोठ्या लेखकाने लगेच उचलू नये. त्यात आईचेही आहेत.

१६ मार्च, सकाळी
आई आली. कुणीतरी पोस्टरचा फोटो गावी, एजुऱ्याला, पाठवला होता. अंगावर सुतकाचं काळं-लाल, दोन मावश्यांनी धरून आणलेली. दार मीच उघडलं. मावश्या किंचाळल्या. आईने माझं तोंड चाचपलं, कान चाचपले आणि उंबऱ्यातच बसली. मी म्हटलं, अगं, जाहिरात आहे ती. पाणीसुद्धा घेईना. फार भीती वाटली.

१६ मार्च, संध्याकाळी
आई बोलली. म्हणे, क्वाबेना, रस्ताभर तुला रडून संपवलं मी, आता खरंच गेलास तर माझ्याकडे काही उरलं नाही. मग विचारलं, पुस्तकात आहे तरी काय? हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी रंगून सांगितलं, सातही खून. ती म्हणे, त्यांच्या आयांना कुणी कळवलं रे?
पानं चाळली. सुरा आहे, रक्त आहे, दार्कोची अक्कल आहे. आई एकीलाही नाही.

२० मार्च
आई गावी परतली. पोस्टरं फाडत फिरतोय, चालणं होतंय. दुसऱ्या आवृत्तीत नवं प्रकरण घालणार आहे. इन्स्पेक्टर दार्को एका आईचं दार वाजवतो. ती दार उघडते. पुढे काय बोलावं ते त्याला सुचत नाही. मलाही नाही.