नळीची तारीख

आप्पा, आज माझी नळी काढली. पंधराव्या दिवशी, दिलेल्या तारखेला, सकाळी साडेदहाला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आपल्या घरातलं कुणीतरी सांगितलेल्या तारखेला दवाखान्यात गेलं, याचा मला इतका आनंद झालाय की हडपसरला रिक्षातून उतरल्यापासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय. शेजारणीला सांगून झालं. खालच्या इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. तो "बरं झालं" म्हणाला आणि पुढचा शर्ट ओढला. आता उरलात तुम्ही.

पहिल्यापासून सांगते, कारण तुम्हाला एक गोष्ट माहीतच नाही. मी कंडक्टर झाले. होय, आता बायकाही असतात. तुमच्यासारखी तिकिटांची पेटी आणि टिकटिक वाजणारा पंच नाही, हातात यंत्र असतं आणि निम्मी माणसं फोननंच पैसे देतात. पण खाकी तीच, आणि सुट्ट्यावरून होणारी भांडणं तीच. ड्यूटीवर पाणी प्यायचं नाही हा नियमही तोच. तो मला तुम्हीच शिकवलात. सातवीच्या सुट्टीत एक दिवस मला तुमच्या गाडीवर नेलं होतंत, आठवतं? मी पुढच्या सीटवर ऐटीत बसले आहे, स्टँडवर गाडी थांबते, मी नळाला तोंड लावते, आणि तुम्ही सगळ्या प्रवाशांसमोर ओरडता, "पाणी पिऊन गाडीत चढायचं न्हाई. गाडी कुणासाठी थांबत न्हाई." मला फार लाज वाटली होती. घरीसुद्धा तुम्ही निघताना अर्धा कप चहा घ्यायचात आणि आईनं पुढं केलेला तांब्या हातानं मागं सारायचात. मी नोकरीला लागले तेव्हा जुन्या कंडक्टर बायकांनी तेच सांगितलं. शेवटच्या स्टँडवर बाईमाणसानं जायचं कुठं? त्यापेक्षा तहान मारलेली बरी. तुम्ही हाडाचे कंडक्टर, मी तुमची लेक. वीस वर्षं तहान मारली.

मग दोन महिन्यांपूर्वी मांजरी गावाच्या अलीकडे गाडीत कंबरेत अशी कळ आली की यंत्र हातातून सुटलं. मी दोन सीटच्या मधे खाली बसले आणि तिथंच ओकले. एक आजी म्हणाल्या, "अपेंडिक्स असणार." मागचे गृहस्थ पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "गॅस आहे. बाहेरचं खाणं." पुण्यातल्या बसमध्ये डॉक्टरांची कमी नाही. ड्रायव्हरनं मात्र गाडी बाजूला घेतली, स्वतः उतरून रिक्षा थांबवली आणि मला आत बसवलं. आप्पा, गाडी थांबली. माझ्यासाठी थांबली. इतक्या दुखण्यातही तुमचं ते वाक्य आठवलं आणि तुम्हाला हे सांगायला हवं असं वाटलं.

खडा होता, मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या वाटेत अडकलेला. डॉक्टर म्हणाले, हा आपणहून पडणार नाही. मी पाणफुटीची पानं खाल्ली, हुलग्याचं कढण प्यायले, सगळं तुमच्यासारखंच केलं, आणि शेवटी गेले. तुमच्या कुशीत वीतभर टाके होते, मी रोज बघायचे. मला एकही टाका नाही. लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालतात आणि आतल्या आत लेझरनं खड्याचा भुगा करतात. दुसऱ्या दिवशी चालत घरी आले. त्यातले चार कण डॉक्टरांनी बाटलीत घालून दाखवले, तपासायला पाठवायच्या आधी. रव्याएवढे. एवढ्याशा ऐवजापायी मी भर गाडीत गडाबडा लोळले.

टोमॅटोचंही विचारलं. तुमच्यामुळं आपल्या घरात किती वर्षं टोमॅटो आला नाही, आई आमटीत नुसती चिंच घालायची. डॉक्टर सदाशिव पेठी. चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, टोमॅटोवर कशाला आळ घेता? तुमची पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेली परत येते, ते आधी बघा." मीठ कमी, दूध बंद करायचं नाही, लिंबूपाणी घ्या, आणि लघवी पाण्यासारखी होईपर्यंत पाणी प्या, असं सांगितलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आत एक नळी ठेवलीय, सूज उतरेपर्यंत वाट मोकळी राहावी म्हणून. ती भाडेकरू आहे. मुदत संपली की बाहेर काढायची. पुण्यात राहता, वेळेवर नाही काढला तर काय होतं ते मी सांगायला नको." माझी लेक मोठ्यानं हसली. मी हसले नाही.

लेक हिंजवडीला नोकरी करते, कंपनीच्या बसनं जाते. तिनं या पंधरा दिवसांत माझा जीव नकोसा केला. नळी आत असताना लघवीला सारखं जावंसं वाटतं, थोडं लालसर येतं, वाकलं की कुशीत टोचतं. त्याला घाबरायचं नाही, ताप आला तर मात्र लगेच फोन, हे सगळं तिला माझ्यापेक्षा पाठ. माझ्या फोनवर रोज चार गजर लावलेले, पाण्याचे. आणि आजच्या तारखेला पाचवा, त्याचं नाव "नळी". दहाव्या दिवसापासून दुखायचंच थांबलं. डेपोतून फोन आला, माणसं कमी आहेत, येता का. मी म्हणाले, "जाऊ का गं? दुखत तर नाहीये." ती म्हणाली, "आई, आजोबापण हेच म्हणाले होते. तू हललीस तर मी डेपोत येऊन तमाशा करेन." नाही हलले.

आज आत जाताना मला घाम फुटला होता. दुखण्याची भीती नव्हती आप्पा, भूल देणारं औषध लावतात, जरा जळजळतं एवढंच. भीती तुमची होती. अडीच वर्षं राहिलेल्या तुमच्या नळीची, तिच्यावर चढलेल्या खड्यांची, तुम्हाला घेऊन गेलेल्या त्या तापाची. मग डॉक्टर म्हणाले, "झालं, ही बघा," आणि एक निळसर, वाकडी, पेनाच्या रिफिलसारखी वस्तू समोर धरली. एवढीच होती. मला हसू आलं, रडूही आलं. बाहेर येऊन बाकावर बसले आणि अख्खी बाटली एका दमात प्यायले. काय सांगू, पाणी इतकं गोड लागतं. आता ड्रायव्हरला सांगून ठेवणार आहे, शेवटच्या स्टँडवर पाच मिनिटं माझी. समोरच्या हॉटेलवाल्या बाईंशी बोलून ठेवलंय, त्या त्यांचं बाथरूम उघडून देणार आहेत. वीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "आधी बोलायचं की हो."

निघताना लेक डॉक्टरांना सांगत होती, "आईनं आजोबांना रोज आठवण करून दिली होती, पण ते ऐकायचेच नाहीत." डॉक्टरांनी मान हलवली. मी पर्सची चेन लावत राहिले. ही गोष्ट घरात मीच सांगितलेली आहे, इतक्या वेळा, की आईही ती खरी मानून गेली.

हे पत्र तुमच्या चामड्याच्या बॅगेत ठेवीन, तुमच्या पंचजवळ. तिथं तुमची नळी काढायच्या तारखेचं दवाखान्याचं कार्डही आहे. ते सिस्टरनं तुमच्या हातात दिलं नव्हतं, माझ्या दिलं होतं, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच. "आप्पांना आठवण करून दे हं," म्हणाल्या होत्या. त्या आठवड्यात तुम्हाला एकच सुट्टी मिळाली होती, नेमकी त्या तारखेची. तुम्ही सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, चहा बशीत ओतता आहात, आणि मला विचारता, "आज कायतरी होतं गं. काय होतं?"

मी म्हणाले, "सायकल."

तुम्ही हसलात, आणि आपण कबूल केलेली सायकल आणायला गेलो. दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर काल का नाही बोललीस असं तुम्ही विचारलं असतंत, म्हणून तेव्हाही बोलले नाही, आणि मग कधीच नाही. कार्ड माझ्या कंपासपेटीत होतं. तारीख मला पाठ होती, आप्पा.