हातोदचा वळू आणि माझं हजेरी रजिस्टर

४ मार्च १९९३
मिल बंद झाली ती झाली. एकवीस वर्षं टाइमकीपर होतो, आता स्वतःचा मालक! हिशेबाचे पैसे मिळाले, त्यात वळू घेतला. हातोद गावात गुरांचा बाडा भाड्यानं. वळू सहा वर्षांचा, एकदम अनुभवी. नाव ठेवलं ‘मॅनेजर’. बायको, शालिनी, म्हणाली, डॉक्टरला दाखवून घ्यायचात. म्हटलं, अगं खांदे बघ त्याचे, ह्याला काय धाड भरलीय?

६ मार्च, सकाळी ७
संकल्प. रोज पहिल्या बसनं हातोद. सगळं काम मिलच्या सिस्टिमनं. टाइम-ऑफिसचं एक कोरं हजेरी रजिस्टर घरी होतंच. गाय, मालक, तारीख. बस्स.

७ मार्च
बस चुकली. उद्यापासून.

११ मार्च
बोहनी! गेंदाबाईची लाडी. बाई विधवा, एकच गाय, दुधावर घर चालतं. लाडी आटलीय, वासरू झालं की पुन्हा दूध. मॅनेजरनं कामगिरी चोख बजावली. मी लाजून लिंबाच्या झाडाकडे बघत होतो.

२ एप्रिल
लाडी परत आली! गेंदाबाई म्हणाली, बाबूजी, गाय गाभण ठैरी नी. मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक परत येतं तेव्हाच माल चांगला असतो. पाटी लावतोय.

२० मे
सतरा गाई, त्यातल्या चौदा रिपीट. काय सांगू भिया! मिलमध्ये अशी हजेरी असती तर कुलूप लागलं असतं का? शालिनी रोज विचारते, गाभण किती? रजिस्टरात तो कॉलमच नाही. बायकांना घाई फार.

९ जुलै
पार लांब सांवेरहूनसुद्धा गाई येताहेत. लाडी चौथ्यांदा. गेंदाबाई आता काही बोलत नाही. समाधानी दिसते.

२ सप्टेंबर
आयडिया!! मिलमध्ये पूर्ण हजेरीला स्टीलचा डबा मिळायचा. तसं लाडीला बक्षीस, पितळी घंटा. पाच वेळा आलीय बिचारी. प्रमुख पाहुण्या गुरांच्या सरकारी दवाखान्याच्या डॉ. नीरजा. त्यांचं नाव शालिनीनंच सुचवलं. शेवटी पटलं म्हणायचं तिला.

१२ सप्टेंबर
समारंभ. हार, नारळ, माझं भाषण (छोटंच, चाळीस मिनिटं). डॉक्टरबाईंनी रजिस्टर मागितलं. कौतुकानं दिलं. त्यांनी चाळलं आणि सगळ्यांना विचारलं, एक तरी गाय गाभण राहिली का? कोणीच हात वर केला नाही. म्हणाल्या, हा वळूकडून गाईला लागणारा आजार असणार. वळूला स्वतःला काही होत नाही, दिसतो ठणठणीत. पण गाईला गर्भ टिकत नाही, म्हणून ती परत परत माजावर येते. तपासणी होईपर्यंत काम बंद.
कोणीतरी जळकुकड्यानं कान भरलेत बाईंचे. घंटा मी स्वतःच बांधली लाडीला.

३ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. त्याच आजाराचे जंतू. एकूण एकतीस गाई. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही महिने वळूपासून लांब ठेवल्या तर बहुतेक बऱ्या होतील, मग इंजेक्शननं गाभण करता येतील. पण घरोघर जाऊन सांगा, तुम्हीच. शालिनीनं रजिस्टरातून मालकांची यादी काढून दिली.

४ ऑक्टोबर
सुरुवात गेंदाबाईपासून. तिनं खाटेवर बसवलं. सगळं सांगितलं, आजार, पुढचे महिने, सगळं. वाटलं शिव्या घालेल. घातल्या नाहीत. विचारलं, मतलब होळीपर्यंत तरी दूध नाही? म्हटलं, त्यानंतरही बरेच महिने नाही. ती उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. म्हणाली, काली है बाबूजी, बुरा मत मानना.
सगळा प्यायलो. अजून तीस घरं आहेत.