ओल्या चुन्याची कमान

गोंदिया, मार्च १९५८

प्रिय रुख्मा,

केशोरावांची तेरवी आटोपून मी देवरीहून परत आलो, त्याला आठ दिवस झाले. तिथं तू माझ्या ताटात भात वाढत होतीस आणि मी मान खाली घालून गिळत होतो. भाऊ असून सांत्वनाचा एक शब्द बोललो नाही, असं तुझ्या सासरच्यांना वाटलं असेल. वाटू दे. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच.

स्टेशनच्या वाटेवरची दगडी सराय तुला आठवते ना? बाजाराला आलो की बाबा तिथंच बैल सोडायचे. तिथं मुलींची शाळा करायचं नगरपालिकेनं ठरवलं आणि गवंडीकाम मला दिलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं. कोठड्यांचे वर्ग करायचे, खिडक्या मोठ्या करायच्या, पण जुना दगड हलवायचा नाही. शेजारच्या राईस मिलच्या शेठला नेमकी तीच जागा ट्रक उभे करायला हवी होती. या गावाला मिलींचं वेडच लागलंय. जुनं दिसलं की पाड. आणि तुझे केशोराव त्या शेठचे मुकादम. आम्ही एका पंगतीत जेवायचो, पण सरायचा विषय दोघंही टाळायचो.

दर्शनी कमानीला तडा गेला होता. मी दगडांवर आकडे टाकून ती उतरवली आणि लाकडी साच्यावर पुन्हा रचली. चुन्यात बेलाचा गर आणि गूळ. साच्याच्या खांबांखाली पाचरी ठोकलेल्या. चुना वाळेपर्यंत कमानीचा सगळा भार त्या पाचरींवर, म्हणून एकवीस दिवस त्यांना हात लावायचा नाही. इंजिनिअर म्हणाला, सिमेंट वापर, आठवड्यात मोकळा होशील. मी त्याला उडवून लावलं. आजोबांच्या हातचा चुना मला येतो, हा माझा माज. नऊ दिवस झाले होते, चुना आत ओलाच होता.

पाडकामावरचा मनाई हुकूम भंडाऱ्याहून सोमवारी यायचा होता. शेठनं रविवारी सकाळीच पंधरा माणसं धाडली, लोखंडी सब्बली आणि घण घेऊन. पुढं केशोराव. म्हणाले, ‘‘भाऊ, बाजूले सरका. कायले मरून राहिले या गोट्यापाई?’’ मी त्यांना जी शिवी दिली, ती तुला लिहिता येत नाही. मग कोणी कोणाचं ऐकलं नाही. त्यांनी आतल्या खांबावरची नक्षी फोडली, आम्ही थापी, फावडी, हाताला येईल ते घेतलं. एकाचे दात मी स्वतः पाडले. माझा जोडीदार बकाराम, त्याच्या खांद्यावर सब्बल बसली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं दुसऱ्या हातानं दगड भिरकावला, तो केशोरावांच्या कपाळावर लागला. ते कमानीखाली बसले. सगळं तोंड रक्तानं भरलं होतं. आणि कमान कोसळली.

पोलिसांनी लिहिलं, बकारामच्या दगडानं केशोरावांचा जीव गेला, झटापटीत खांबाला धक्का लागून कमान पडली. मी त्याखाली सही केली. बकाराम मोडका खांदा घेऊन कोठडीत आहे. त्याची बायको मंदाबाई रोज माझ्या दाराशी येते. ‘‘भाऊ, तुमी त होते ना तिथं? सांगा ना सायबाले,’’ एवढंच म्हणते. मी दार लावून घेतो. सोमवारी हुकूम आला, सराय वाचली, जूनमध्ये शाळा भरेल. लोक मला शाबासकी देतात आणि तुझ्या नवऱ्याला नावं ठेवतात. तुझ्यासमोरही कोणी बोललं असेल.

रुख्मा, धक्काबिक्का काही लागला नाही. घण माझ्या हातात होता आणि पाचर मी उडवली. उद्या सकाळी ठाण्यात जाऊन हेच सांगणार आहे, म्हणजे बकाराम सुटेल. पण पोलिसांना सांगता येणार नाही असं एक आहे, ते फक्त तुझं आहे. दगड लागल्यावर केशोरावांनी हात वर केला आणि आपल्या माणसांना ओरडून सांगितलं, ‘‘पुरे झालं, वापस चला.’’ माणसं सब्बली टाकून मागं फिरली होती. भांडण संपलं होतं. तुझा नवरा सराय पाडताना मेला नाही, ती सोडून जाताना मेला. त्यांचे शब्द मी ऐकले होते, आणि ऐकल्यावर घण उचलला.

तुझाच भाऊ, अजून म्हणू देत असशील तर,
दुधराम