एकाच बाजूचा घोडा

रविवार, सकाळी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. सवयीने लिहिला गेला, खोडत नाही.

काल मंचावरून तू तुझा व्हिडिओ गेम बाजारात येण्याची नवी तारीख जाहीर केलीस आणि भाची कामावर परत येऊन गेममधला घोडा पूर्ण करणार असं सांगितलंस, म्हणून हे पत्र. तिला विचारलं नव्हतंस.

आम्ही ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा आता बरा आहे.

पहिल्यांदा जाहीर केलंस तेव्हा गेम नव्हताच, नुसती जाहिरातीची फिल्म होती. तीत घोडा एका बाजूनेच दिसायचा, म्हणून तुझ्या भाचीने त्याची एकच बाजू चितारली होती. पलीकडे पोकळ. लोकांना घोडा आवडला. त्याच्यावर बसता येईल का, असं कुणीतरी विचारलं आणि तू सगळ्यांदेखत हो म्हणालास. त्या एका होकारापायी माझी मुलगी वर्षानुवर्षं राबली. पाया खणायच्या आधी पाहुण्यांना जेवायला बोलावलंस आणि चुलीपुढे बसवलंस हिला. तारीख हुकली की शिव्या हिला. तू मुलाखतीत हसून म्हणालास, कलाकारांना बारकाव्यांचा फार सोस असतो.

आधी गाजावाजा केला नाही तर पैसे लावणारे येत नाहीत, लोक विसरतात, हे तुझं फोनवरचं पुराण मला पाठ आहे. पैशाचं खरं असेलही. पण लोक विसरले तर विसरू देत. एखाद्या परक्या माणसाला गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळू द्यावा, तुमच्यातलं कुणी शेजारी उभं न राहता. तो खेळून उठला की मग जाहीर करावं. उरल्या दुरुस्त्यांना लागतील तेवढेच महिने विक्रीच्या आधी, एकही जास्त नाही.

तिची तब्येत विचारलीस तेव्हा बरी आहे म्हणाले होते. बरी नाही. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. जेवताना चमचा निसटतो आणि ती म्हणते, चमचाच गुळगुळीत आहे. पुन्हा हे काम केलं तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तरी काल तुझं भाषण संपताच ती बॅग भरायला लागली. मी दार अडवलं.

"मामाने लोकांना सांगून टाकलंय, आई. मी गेले नाही तर तो खोटा पडेल."

"पडू दे."

ती माझ्याशी भांडली, रडली, मला नाही नाही ते बोलली. मग बॅग तिनेच रिकामी केली.

तेव्हा आता तू खोटा पड. घोड्यावर बसता येणार नाही, हे त्याच मंचावरून, स्वतःच्या तोंडाने सांग. तोवर आमच्या दारात पाऊल टाकू नकोस.

तुझ्या भाचीची आई

भावोजींच्या हाती दिलं आहे: ऑफिसची किल्ली, ओळखपत्र, चित्रं काढायचा कंपनीचा टॅबलेट, त्याचं पेन. शिवाय तिचा राजीनामा. मजकूर तिने सांगितला, मी लिहिला. सही तिचीच आहे, डाव्या हाताने केलेली.