वीस दिवसांची मोरी

मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८०५. कल्याण.

फार थकलो. आंबिवलीच्या ओढ्यावरची मोरी वीस दिवसांत बांधतो, असे आमच्या इंजिनियर साहेबांना मीच सांगितले होते. का सांगितले? त्यांना बरे वाटावे म्हणून. ढाकोजी गवंडी तेव्हाच म्हणाला होता, "रावसाहेब, नुसता चुना धरायला तेवढे दिस जातील."

आज विसावा दिवस. कमानीखालचे लाकडी टेकू काढा, असा साहेबांचा हुकूम आला. ढाकोजीने ओल्या चुन्यात बोट रुतवून दाखवले. टेकू काढायला त्याचीच माणसे खाली उतरणार होती. मी साहेबांकडे गेलो.

"माझा अंदाज चुकला. अजून पंधरा दिवस लागतील."

"हे पंधरा तरी खरे?"

"खरे. गवंड्याला विचारून आलो आहे."

"मग पुढल्या वेळी त्यालाच पाठवा."

टेकू राहिले. मान खाली गेली, पण जीव हलका झाला.