टायपिंगवालीची मुलगी

आई,

काल मी भरल्या हॉलमध्ये माईक हातात घेऊन सांगितलं की माझी आई टायपिंग शिकवायची. तू जाऊन अठरा वर्षं झाली, आणि एवढं एक वाक्य बोलायला मला त्याहूनही जास्त वर्षं लागली. घरी आल्यापासून हे तुला सांगावंसं वाटतंय, म्हणून सकाळचा चहा बाजूला ठेवून लिहायला बसले आहे.

फ्रीगंज भागातल्या आपल्या घराची पुढची खोली मला अजून आवाजानेच आठवते. बारा मशीनं, बारा मुलं, सकाळी सातपासून खडखडाट. तू आत स्वयंपाकघरात पोहे परतत असतेस आणि तिथूनच ओरडतेस, "पाँच नंबर, नीचे मत देखो!" पाच नंबरवाला असा दचकतो की विचारू नकोस. तुला भिंतीपलीकडून कसं कळतं म्हणून मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "अगं, खाली बघणाऱ्याचा ठोका उशिरा पडतो. त्यात काय जादू?" मला ती जादूच वाटायची. आज माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्या मुलांना वाटतं, माझे कान फार तयार आहेत. ते कान कुठे तयार झाले हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

मैत्रिणीच्या भावाकडून आणलेली ती कॅसेट तुला आठवते का? कुणी परदेशी माणूस इलेक्ट्रिक गिटार इतकी भरभर वाजवत होता की मला वाटलं, तीन जण आहेत. बाबा म्हणाले, मिक्सर बंद करा. तू मात्र पदराला हात पुसत दारात उभी राहिलीस आणि पूर्ण बाजू ऐकलीस. "एकच माणूस आहे," तू म्हणालीस, "आणि रोज बसतो तो, एक दिवस चुकवत नाही." पुढच्या महिन्यात तू इंदूरला गेलीस आणि संध्याकाळी, मी घ्यायला आले होते तेव्हा, देवास गेटच्या स्टँडवर बसमधून उतरलीस ती हातात ही लांबलचक काळी पेटी घेऊन. कंडक्टरने विचारलं, "बहनजी, इसमें क्या है?" तू म्हणालीस, "मशीन है." घरी येईपर्यंत तू ती गिटार मला उचलू दिली नाहीस.

मग मी सुटलेच. ठोके देणारा मेट्रोनोम लावून एकच ओळ शंभर वेळा, आधी संथ, मग एकेक पायरी वर. डोक्यात काही उरायचं नाही, बोटं पुढे आणि मी मागे धावतेय असं व्हायचं, आणि त्या धावण्यात मला इतका आनंद व्हायचा की जेवायची शुद्ध नसायची. लोक म्हणतात वेग म्हणजे दिखावा. असेल. पण बंद खोलीत मी कुणाला दाखवत होते? वीज गेली की गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडायचा, तो घरघरणारा भारदस्त आवाज जायचा आणि नुसत्या तारांचा किरकिरा आवाज उरायचा. तेव्हा तू हटकून आतून म्हणायचीस, "आता वाजव. आता चुका ऐकू येतील." मला तुझा भयंकर राग यायचा, पण मी वाजवायचे.

आता तो युवा उत्सव. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. चार मिनिटं मी जी सुटले ती शेवटपर्यंत थांबले नाही. बाहेरगावाहून आलेले परीक्षक हसत हसत म्हणाले, "बेटी, ये बजाना नहीं हुआ, ये तो टाइपिंग हुई." सगळा हॉल हसला. त्यांना आणखी गंमत सुचली. "घर में कोई टाइपिस्ट है क्या?" तू तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसलेली मला दिसत होतीस. मी म्हणाले, "नहीं सर." आणि सगळ्यांबरोबर हसलेसुद्धा. घरी परतताना टेम्पोत तू माझ्याशेजारी बसलीस आणि विचारलंस, "भूक लागली का गं?"

दुसऱ्या दिवशी तू मशीनची रिबन बदलत होतीस, बोटं काळीकुट्ट. मान वर न करता म्हणालीस, "काल बोटं छान चालली तुझी. एकदम साफ. पण अंगठा कुठे गेला?" मला काही कळेना. "शब्द संपला की आपण खालच्या पट्टीवर अंगठा मारतो ना? मधे मोकळी जागा सोडतो. तू सगळा मजकूर एकाला एक जोडून टाकलास. वाचणाऱ्याने दम कुठे घ्यायचा?" मी फणकारले, तुला गिटारमधलं काय कळतं म्हणून. "तेही खरंच," म्हणालीस आणि रिबन चढवलीस. त्या 'नहीं सर'बद्दल त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी एक शब्द काढला नाहीस. रागावली असतीस, चार दिवस बोलली नसतीस तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी भरभर वाजवणं सोडलं. लोकांना वाटलं, पोरगी शहाणी झाली. ऑर्केस्ट्रात मी लांब, रडवेले सूर लावायला लागले आणि म्हातारे येऊन सांगायला लागले, "अब आया दिल से." मीही विद्यार्थ्यांना तेच शिकवत आले: एकच सूर लावा, पण मनापासून. आई, त्यात निम्मी लबाडी होती. संथ वाजवणारे सगळेच काही मनापासून वाजवत नाहीत. कित्येकांना भरभर येतच नाही. आणि तबलजी द्रुत लयीत सुटला की जी माणसं वाहवा करतात, तीच गिटार सुटली की सर्कस म्हणतात. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण वेग म्हटला की मला टायपिंग आठवायचं आणि टायपिंग म्हटलं की ते दोन शब्द. म्हणून सोडलं, आणि त्याला समज आली असं नाव दिलं.

काल त्याच उत्सवात, त्याच हॉलमध्ये मी परीक्षक होते. एक मुलगी आली, किडकिडीत, गिटार तिच्याहून जड. आणि सुटली. शेजारचे परीक्षक माझ्याकडे झुकून म्हणाले, "मैडम, टाइपिंग चल रही है." मी डोळे मिटून ऐकलं. प्रत्येक ठोका वेळेवर पडत होता. मग माईक घेतला आणि म्हणाले, "मेरी माँ टाइपिंग सिखाती थीं. बारह मशीनें थीं हमारे घर में. ऐसी साफ उँगलियाँ कितनी मेहनत से बनती हैं, मैंने रोज देखा है." मागून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठून म्हणाले, "फ्रीगंज वाली मैडम? हम भी वहीं सीखे हैं!" हॉल हसला, पण ते हसणं वेगळं होतं, आणि पाठोपाठ टाळ्या पडल्या.

खाली उतरल्यावर मी त्या मुलीला अंगठ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मैडम, रुकती हूँ तो लगता है सब मुझे ही देख रहे हैं." मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते की मला थांबायचं सुचलं नाही. खरं तर मी थांबायला घाबरत होते. तिला म्हटलं, भरभरच वाजव, अजिबात सोडू नकोस, आणि रविवारी घरी ये, थांबायचं दोघी मिळून शिकू. आज सकाळी मीही मेट्रोनोम लावला. बोटं आखडलीत, जुन्या वेगाच्या निम्म्यावरच दमले. पण ती धावण्याची मजा अजून आहे गं, जशीच्या तशी.

हे पत्र घडी करून कपाटात ठेवीन, कुणाला दाखवणार नाही. फक्त एक राहिलं. माईकवर एवढं ठसक्यात बोलले, पण याच हॉलमध्ये तू बसलेली असताना मी तुला नाकारलं होतं, ते मात्र गाळलं. रविवारी त्या मुलीला सांगेन. आधी तुला सांगायला हवं होतं. काल माईकवरच ते ओठांवर आलं होतं. पण टाळ्या वाजत होत्या, आई, आणि मला त्या फार आवडत होत्या.