पाहुण्यांसाठी आवरलेली खोली

४ मार्च

उद्या निवारा कार्यालयातल्या बाई खोली बघायला येणार! भाड्याच्या घराचं छत कोसळल्यापासून आम्ही पाच माणसं लॉजच्या या एका खोलीत. बाईंना जागा अपुरी वाटली की सरकारी घराच्या रांगेत आमचा नंबर वर. हे खुशीत शीळ घालतायत. सासूबाईंनी दुपारपासूनच कंबर कसली आहे.

५ मार्च

आल्या आणि गेल्या. झोकात झालं सगळं!

सासूबाईंनी गाद्या पलंगाखाली सारल्या. बॅगा समोरच्या खोलीतल्या न्हावीकाकांच्या गळ्यात घातल्या, पाठोपाठ दोन्ही पोरं. ह्यांची रवानगी जिन्यात. "आल्या माणसाला नीट बसायला जागा नको?" फरशी इतकी चकचकीत, की बाईंनी दारातच बूट काढले.

"बसा हो, भरपूर जागा आहे आमच्याकडे," सासूबाई म्हणाल्या. बाईंना मराठी येत नाही, आणि मी शहाणी — शब्दन्‌शब्द त्यांच्या भाषेत सांगून मोकळी! बाई हसल्या, चहा प्यायल्या. गोड स्वभावाच्या वाटल्या.

८ मार्च

कार्यालयातून फोन. "खोली प्रशस्त आहे. तातडीची गरज दिसत नाही. बाकीची माणसं दुसरीकडे राहतात का?"

कपाळावर हात मारून घेतला मी!

महिनाअखेर ही खोली सोडायची आहे. तोवर घर मिळालं नाही तर सासूबाई आणि आमची धाकटी लेक नणंदेकडे, पार दुसऱ्या गावात. आम्ही तिघं मिळेल तिथे. धाकटी अजून मला बिलगल्याशिवाय झोपत नाही. मला रडूच आलं. सासूबाई जेवल्या नाहीत. "माझ्या हौसेपायी घर गेलं," एवढंच म्हणत राहिल्या.

९ मार्च

लाँड्रीतून अर्धी सुट्टी काढून थेट कार्यालयात.

"गाद्या?" — पलंगाखाली होत्या.

"मुलं?" — समोरच्या खोलीत.

"नवरा?" — जिन्यात.

"पण का?"

"तुम्ही येणार होता म्हणून!"

 बाई अशा हसल्या, की शेजारच्या टेबलावरचे साहेबही वळून बघायला लागले. "पुन्हा येईन," म्हणाल्या. "पण या वेळी सांगून नाही."

१० मार्च

घरात फर्मान: आवरायचं नाही!

१२ मार्च

सासूबाईंचे हाल बघवत नाहीत. पसाऱ्याकडे पाठ करून बसतात. मघाशी चोरून एक गादी गुंडाळताना पकडल्या गेल्या. "आई, हात मागे!" हे ओरडले. आम्ही सगळे पोट धरधरून हसलो, शेवटी त्याही.

१५ मार्च

आल्या! नेमक्या सकाळच्या धांदलीत. दार गादीला अडून अर्धंच उघडलं, बाई अंग चोरून आत शिरल्या. थोरला बॅगेवर वही ठेवून गणितं सोडवत होता. हे तोंडाला साबण फासून मोरीच्या दारात. धाकटी पलंगाखालून मोजा शोधत बाहेर आली ती बाईंच्या पायाशीच. सासूबाईंनी लाजेनं तोंड भिंतीकडे केलं, पण तिथूनही त्यांचं पालुपद चालूच: "त्यांना चहा तरी विचार गं!"

बाईंनी बसायला जागा शोधली. नव्हती. उभ्यानंच चहा घेतला.

"आता दिसलं," म्हणाल्या.

२४ मार्च

मिळालं! दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीतून समोर झाड! चावी मी लाँड्रीत सगळ्यांना दाखवत सुटले. मुकादमबाई म्हणाल्या, "बस कर, झिजेल!" धाकटी रिकाम्या खोल्यांतून नुसती पळतेय. ह्यांनी मला मुलांसमोर उचलून गोल फिरवलं. सासूबाई "अरे, अरे" म्हणाल्या, पण दुसरीकडे बघून हसल्या.

३० मार्च

लॉजची खोली परत करायला सासूबाई आणि मी गेलो. मॅनेजर खोलीत गेला तो बराच वेळ बाहेरच येईना. फरशीवरून बोट फिरवत होता.

२ एप्रिल

सासूबाईंना लॉजवर काम मिळालं. खोल्या आवरायचं. पगारी! चौसष्टाव्या वर्षी पहिली नोकरी.

आज सकाळी मी उठले तर त्या चपला घालून दारात उभ्या. "तुझा चहा तू करून घे," म्हणाल्या, "मला उशीर होतोय."